भाऊंची दाढ

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपुरात अधांतरी असण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीखालून पूर्वी म्हणे घोडेस्वार जायचा, आता वस्त्र सरकतं, हे गावातलं शाळकरी पोरही पाहुण्याला सांगतं. त्याच गावात भाऊंची खालची डावी दाढ गेली कित्येक वर्षं अधांतरी आहे. पडत नाही आणि भाऊ काढू देत नाहीत. हिच्या दर्शनाला कोणी लांबून येत नाही, एवढाच फरक.

भाऊंचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असे भाऊ प्रत्येक आळीत एक असतातच. धुऱ्याचं भांडण असो, सोयरीक असो, की सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद. भाऊ बोलल्याशिवाय पान हलत नाही. समोरचा बोलायला तोंड उघडतो तेवढ्या वेळात भाऊंचं वाक्य संपून दुसरं सुरू झालेलं असतं. पावसापाण्यावर, बाजारभावावर, अमेरिकेच्या निवडणुकीवर त्यांचं मत तयार असतं. दाढेचा विषय निघाला की मात्र तेच भाऊ तारखा मागायला लागतात.

“भाऊ, काढली काय मंग दाढ?”

“काढतो ना! भेतो काय मी? फक्त सोयाबीन निघू दे.”

सोयाबीन निघतं. मग तूर असते. तूर घरात आली की लग्नसराई. लग्नात भाऊ तोंडाला फडकं बांधून बसले तर मध्यस्थी कोण करणार? उन्हाळ्यात रक्त पातळ होते, पावसाळ्यात जखम चिघयते. अमावस्या तर दर महिन्याला येतेच, आणि दाताच्या बाबतीत भाऊ तिच्या अलीकडचे-पलीकडचे तीन-तीन दिवसही धरतात. एकदा कोणी फारच टोकलं, तेव्हा त्यांनी गावातला सर्वांत भक्कम दाखला काढला. “मंदिराचं कुलूप १९८१ मधी लागलं, २०२३ मधी उघडलं. दिगंबर-श्वेतांबर दोन्ही पंथ कोर्टात, अन् देव बेचायीस वर्सं कुलपात. आपण खिडकीतून दर्शन घेतलं का नाही? मंग माही दाढ चार दिवस थांबत नाही काय?”

सर्वोच्च न्यायालयानं ते कुलूप उघडायला लावलं. भाऊंची दाढ त्याच्या कक्षेत येत नाही, हे दोघांचंही नशीब.

भीती वाटली की लोक देव आठवतात. भाऊ साक्षीदार गोळा करतात. ज्यानं म्हणून दाढ काढली आहे त्याला हॉटेलात बसवून चहा पाजतात आणि सविस्तर जबानी घेतात. यात एक गोम आहे. ज्याची दाढ दहा मिनिटांत सुखरूप निघाली त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, त्यामुळे तो चहाला पात्र ठरत नाही. ज्याचं मूळ आत तुटलं, ज्याला टाके पडले, ज्याच्या साडूचा जबडा आठ दिवस उघडला नाही, असेच मातब्बर लोक चहा पितात. अशाच एका चहा पिणाऱ्यानं सांगितलं, की त्याच्या मामांनी वरची दाढ काढली आणि डोये गेले. मामा तेव्हा ऐंशीचे होते आणि मोतीबिंदू आधीच पिकलेला होता, ही माहिती दुसऱ्या चहानंतर मिळाली. पण तोवर भाऊंनी आपला निकाल लिहून टाकला होता. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी, हे कोणत्याही दवाखान्यात सांगतात. शिवाय भाऊंची दाढ खालची. “खालची म्हणून काय झालं? नस वरच जाते ना शेवटी?”

अकोल्याला बी.फार्म. करणाऱ्या पुतण्यानं त्यांना धीर द्यायचा एक शास्त्रीय प्रयत्न केला. त्यानं सांगितलं, की १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाचा एक दंतवैद्य हसवणाऱ्या वायूचा खेळ बघायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला चांगलंच लागलं, पण त्याला पत्ताच नाही. वेल्सनं दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ आपल्या सहकाऱ्याकडून काढून घेतली. इथून बधिरतेच्या विद्येला वाट फुटली, आणि आता तर १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं लिग्नोकेन तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं, काका.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे दातायच्या डाक्टरनंबी सोताची दाढ शुद्धीवर असताना काढू देली नाही. अन् तू मले सांगून राह्यला जा म्हणून!”

पुतण्यानं त्यानंतर शास्त्राची बाजू घेणं सोडलं.

लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मेडिकलवरची गोळी आणि तंबाखूची चिमूट या चार खांबांवर भाऊंनी ती दाढ उभी ठेवली. लवंगेच्या तेलानं खरोखरच जागा घटकाभर बधिर होते. त्यामुळे रोज रात्री दुखणं आणि रोज सकाळी बहादुरी, असा क्रम बसून गेला. भित्र्या माणसाची इथेच खरी फसगत होते. तो इंजेक्शनला घाबरून उशीर करतो, उशिरानं पू होतो, आणि पू झालेल्या, सुजलेल्या जागी नेमकं तेच इंजेक्शन नीट चढत नाही. हे भाऊंना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तेही त्यांनी न जाण्याचं कारण म्हणून वापरलं असतं.

शेवटी एका रात्री गाल टम्म सुजला. भाऊंना बोलता येईना. घरात इतकी शांतता झाली की काकू दचकून उठल्या. सकाळी त्यांनी पिशवी उचलली. “चाला आता मालेगावले. मुकाट्यानं.” (मालेगाव म्हणजे आपलं, वाशिम जिल्ह्यातलं. भाऊंनी नाशिककडचं समजून घेण्याचा एक क्षीण प्रयत्न केला होता.)

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सूज पाहून त्यांनी आधी गोळ्या दिल्या आणि पाच दिवसांनी बोलावलं. पाच दिवसांची सूट! बाईंइतकं देवमाणूस भाऊंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी मात्र ते पोटात अन्नाचा कण न घेता आले. ऑपरेशन म्हटलं की उपाशी, असा त्यांचा हिशेब. “काका, दाढेला उपाशी नाही यायचं. चक्कर येईल. आधी दोन घास खाऊन या.” भाऊ इतके उत्साहानं उठले, की काकूंना त्यांच्या मागोमाग जावं लागलं. केळं खाऊन होताच त्यांना परत आणण्यात आलं.

खुर्ची मागे झुकली. आणि मला वाटतं, भाऊंची खरी भीती त्या क्षणी उघडी पडली. सुईला तर हा माणूस विंचू उतरवायला रात्री-बेरात्री सामोरा गेलेला आहे. पण इथे तोंड सताड उघडं, आणि बोलायला बंदी! ज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवलं, तो एका पोरीपुढे आडवा पडून नुसता “आँ” करत होता. “बाई, तसं हे दुखणं सुरू कसं झालं सांगू काय—”

“नंतर सांगा, काका. मी काय करणार ते आधी मी सांगते. बारीक टोचेल, मग ओठ जड होईल. काढताना दाब जाणवेल, दुखणार नाही. दुखलंच तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.”

हात वर करणं ही ग्रामसभेत मत नोंदवायची रीत. खुर्ची आणखी थोडी खाली गेली तेव्हाच भाऊंनी पहिल्यांदा हात वर केला. बाई थांबल्या. इंजेक्शन झाल्यावर दुसऱ्यांदा केला. “दुखतंय?” भाऊंनी मान हलवली, त्यांना मुद्दा मांडायचा होता. बाईंनी ओठाला हात लावून बघायला सांगितलं. ओठ होता, पण भाऊंचा नव्हता. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा बाईंनी चिमट्यात धरलेली दाढ त्यांना दाखवली.

भाऊ तिच्याकडे बराच वेळ संशयानं पाहत राहिले. एवढीशी?

मग कापसाची घडी दाताखाली. अर्धा तास दाबून धरा, बोलू नका, थुंकू नका, आज खर्रा नाही, गरम नाही, आइस्क्रीम चालेल. भाऊ बाहेरच्या बाकावर येऊन बसले. पोटात आनंद मावत नव्हता. दुखलं नाही, अजिबात दुखलं नाही, आणि हे ऐकायला बाकावर एक माणूसही होता, गालाला मफलर गुंडाळलेला.

“भाऊ, लय दुखते काय हो?”

असा प्रश्न आणि दाताखाली कापूस! भाऊंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. दोन्ही हात हवेत उडवून, डोळे मोठे करून, “काही नाही, काही नाही” असं ते जीव तोडून सांगत होते. बधिर ओठाचा डावा कोपरा लोंबत होता आणि त्यातून लालसर लाळ थेट सदऱ्यावर उतरत होती. तिचा भाऊंना पत्ता नव्हता.

मफलरवाल्यानं ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग तो उठला, “गाडी जरा साइडले लावून येतो,” म्हणाला आणि जिना उतरला.

गाडी साइडलेच लावलेली होती. काकूंनी खिडकीतून पाहिलं. किक मारून तो निघालाही.