भांडकुदळ जोडप्याचा दुसरा भाग कसा काढावा : नवशिक्यांसाठी

तुमच्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी नायक-नायिका आता एक होणार असं वाटलं, पोरींनी रुमाल भिजवले आणि निर्मात्याचे पैसे वसूल झाले, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. निर्माता आता दुसरा भाग मागणार. अडचण एवढीच की दोघं एक झाली तर ती सुखात असणार, आणि सुखातल्या जोडप्याला पावणेदोन तास काय करताना दाखवणार? भाजी निवडताना?

घाबरू नका. अभ्यासाला आपण ‘आफ्टर वी कोलायडेड’ (२०२०) घेऊ. आधीचा ‘आफ्टर’ २०१९ साली आला. सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमाने जगभरात ७ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. एवढं झाल्यावर टेसा यंग आणि हार्डिन स्कॉट या दोघांना गुण्यागोविंदाने नांदू देणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

आधी कच्चा माल. तो स्वतःच पिकवावा असं काही नाही. ॲना टॉड या बाईंनी २०१३ साली वॉटपॅड या कथा टाकायच्या संकेतस्थळावर ‘वन डायरेक्शन’ या बँडच्या पोरांवर कथा लिहायला घेतली, तीही बरीचशी मोबाइलवर. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा हॅरी स्टाइल्सचा हार्डिन स्कॉट झाला. आद्याक्षरं बदलण्याचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही कथा क्रमशः लिहिली गेली. प्रकरण टाकलं की वाचक लगेच पुढचं मागणार. अशा लिखाणात प्रकरणाच्या शेवटी दार आपटावंच लागतं आणि पुढच्या प्रकरणात ते उघडावंच लागतं. संध्याकाळच्या मालिका बघणाऱ्या आपल्या आयांना हे कोणी शिकवावं लागत नाही. सिनेमात मात्र ती सगळी दारं एका बैठकीत आपटतात, त्याची तयारी ठेवा.

मग दिग्दर्शक बदला. पहिल्या भागात हार्डिन टेसाच्या मागे लागला तो मित्रांशी लागलेल्या पैजेपोटी. दुसऱ्या भागाला दिग्दर्शक आणला रॉजर कम्बल, म्हणजे १९९९ च्या ‘क्रूएल इन्टेन्शन्स’चा कर्ता, ज्याची अख्खी कथाच पोरगी पटवण्याच्या पैजेवर उभी होती. अनुभवी माणूस. हात लागलाच आहे तर नायकाचा बापही बदलून घ्या : पहिल्या भागात पीटर गॅलाघर होता, दुसऱ्यात रॉब एस्टेस. मुलगा स्वतःच्या रागात इतका बुडालेला आहे की त्याच्या ते लक्षात येणार नाही. अमेरिकेतलं प्रमाणपत्र तेरा वर्षांवरच्यांसाठीचं होतं, ते मोठ्यांसाठीच्या ‘आर’वर न्या. प्रेक्षकही वर्षाने मोठा झालेला असतो.

आता मुख्य काम. दोघांना पाच मिनिटं शांतपणे बोलू द्यायचं नाही. या धंद्यातलं सगळं कौशल्य इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू. टेसा एका प्रकाशन संस्थेत उमेदवारी करायला लागते आणि कामानिमित्त सिॲटलला जाते. बरोबर ट्रेव्हर : नीटनेटका, हिशेबी, वेळेवर येणारा. (अशा मुलाला सिनेमात प्रेम मिळत नाही, पगार मिळतो.) टेसा पिते, त्या भरात हार्डिनशी संपर्क साधते, हार्डिन गाडी काढून निघतो. तेवढ्यात वाइन ट्रेव्हरच्या कपड्यांवर सांडते, आणि हार्डिन दारात उभा राहतो त्या क्षणी ट्रेव्हर तिच्या खोलीत अर्ध्या कपड्यांत असतो. ‘अरे, वाइन सांडली’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते योग्य वेळी कोणालाही बोलू देऊ नका. आधी आरडाओरडा, मग खुलासा, मग पलंग. हा क्रम पाठ करा. पुढे तो वारंवार लागणार आहे.

यासाठी शहाणं माणूस आसपास असता कामा नये. या कथेत एक मावशी असती, नुसती दारात पिशवी घेऊन उभी, तर विसाव्या मिनिटाला सगळं मिटलं असतं. आई आणायचीच तर ती इंग्लंडहून नाताळापुरती आणा, आणि तिला काहीच सांगू नका. हार्डिनने आईला त्या पैजेवरून झालेल्या ताटातुटीचं सांगितलेलंच नसतं, म्हणून दोघं तिच्यासमोर जोडप्याचं नाटक करतात. सिनेमातली ही खरी गमतीची जागा. नाटक करताना ही दोघं एकमेकांशी जितकी सभ्यपणे वागतात, तितकी खऱ्या प्रेमात कधीच वागत नाहीत. दुर्दैवाने पटकथेला ते फारसं जाणवलेलं दिसत नाही.

शब्द जपून वापरा. पाळत ठेवण्याला काळजी म्हणा, संशयाला जीव लावणं म्हणा. मुलाने दारू पिऊन सामान फोडलं तर त्याच्या बालपणातला एक भयंकर प्रसंग दाखवा. प्रसंग खरोखरच भयंकर असतो, त्यामुळे सामानाची भरपाई मागायला कोणी धजत नाही. शेजारच्या घरातला मुलगा असं वागला तर आपण ‘मुलगी तिथे देऊ नका’ म्हणतो. पडद्यावर हार्डिनला हीरो फाइन्स टिफिन या नटाचा चेहरा आहे, त्यामुळे आपण तिकीट काढतो. टेसाचं काम करणारी जोसेफिन लँगफर्ड चांगली नटी आहे. एकाच माणसावर इतक्या वेळा नव्याने विश्वास बसल्याचं दाखवणं सोपं नाही.

मध्ये कंटाळा येईल. गाडीचा एक अपघात घाला.

शेवट करू नका. सगळं जुळत आलं की रस्त्यावर फाटक्या कपड्यांतला एक माणूस उभा करा आणि तो नायिकेचा परागंदा बाप निघू द्या. तिसरा भाग विकला गेला. ‘कोलायडेड’ने नेमकं हेच केलं. पुढचे दोन भाग मग बल्गेरियात लागोपाठच चित्रित झाले आणि २०२१ व २०२२ मध्ये आले. त्यातही बरेच चेहरे बदललेले, भांडण तेवढं जुनं.

पाचव्या भागापर्यंत पोचलात तर माल संपलेला असेल. ती तजवीज चौथ्यातच करून ठेवा : नायकाला लेखक करा आणि दोघांची सगळी भांडणं तिला न विचारता त्याच्या पुस्तकात जाऊ द्या. हार्डिनच्या पुस्तकाचं नाव ‘आफ्टर’च आहे. २०२३ च्या ‘आफ्टर एव्हरीथिंग’मध्ये त्याचं पुस्तक गाजलेलं असतं, प्रकाशक दुसरं मागत असतो आणि त्याला ओळ सुचत नसते, म्हणून तो लिस्बनला जातो. नायिका या भागात फार थोडा वेळ दिसते. तिच्या तारखा जास्त घेऊ नका, पैसे वाचतील. लिस्बनची तिकिटं मात्र आधीच काढून ठेवा.