पन्नास ग्रॅमात सिंहगड

‘दिवसाला 50 ग्रॅम कर्बोदकं’ हे आहारतज्ज्ञ बाई ज्या सहजतेनं म्हणाल्या, त्यावरून त्यांच्या घरी स्वयंपाक होत नसावा अशी मला शंका आली. दोन पोळ्या आणि वाटीभर भात पोटात गेला की दिवसाचा कोटा संपला. त्यानंतर रश्शात बटाट्याची फोड सापडली तर ती उधारीवर खायची. पोहे, उपमा, थालीपीठ, भाकरी, पुरणपोळी... मराठी स्वयंपाकातून पीठ आणि तांदूळ वजा केले तर बाकी उरते फोडणी.

नेमकं त्याच महिन्यात मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं होतं. यवतेश्वरचा घाट पळत चढायचा आणि पळतच उतरायचा, एकूण 21 किलोमीटर. आमच्या कोचचा हुकूम असा की बुधवारी टेकडीवर चढाच्या फेऱ्या आणि रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड, तोही मध्ये न टेकता. बाई आणि कोच एकमेकांना ओळखत नव्हते. फी दोघांचीही मीच भरत होतो.

सुरुवातीला वजन झरझर उतरलं. पेढे वर्ज्य, म्हणून आनंदानं अक्रोड वाटले, महागात पडले. पुढे कळलं की यकृतात साधारण 100 आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं आणि त्याचा एकेक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. भात बंद केला की हा साठा आटतो आणि पाणीही निघून जातं. म्हणजे आम्ही अक्रोड वाटले ते पाण्याचे.

घरात फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’ होऊ लागला. आईनं पहिला घास घेतला आणि विचारलं, “भाजी झाली, आता भात वाढतेस ना गं?” बदामाच्या पिठाची पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत तिचे तीन जिल्हे व्हायचे. त्यात एका रात्री बायको उठून बसली. “अहो, नेलपॉलिशची बाटली सांडलीय का कुठे?” बाटली शाबूत होती. वास माझ्या तोंडाला येत होता. कर्बोदकं कमी पडली की शरीर चरबीपासून कीटोन बनवतं आणि त्यातला अ‍ॅसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. नेलपॉलिश पुसायच्या द्रावणातही तोच असतो. मला शास्त्राचा अभिमान वाटला. बायकोनं उशी उचलली आणि दिवाणखाना गाठला.

खरी गंमत सिंहगडावर. सपाटीला मी ठीक होतो, गप्पाही मारत होतो. उभा चढ लागला आणि पाय संपले. दम लागणं वेगळं. इथे दम होता, पायांत काहीच नव्हतं. काठी टेकत चढणारे एक आजोबा पुढे गेले आणि वळून म्हणाले, “बसा जरा, गड कुठे जात नाही.” वाटेत ताकवाल्या मावशी होत्या, मीठ-तिखट लावलेली काकडी होती, लिंबू सरबत होतं. सरबतातल्या साखरेकडे मी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं पाहून घेण्याचं भाग्य बायकोच्याही वाट्याला आलं नसेल.

माझ्या अंगावर वीसेक किलो चरबी सहज असेल. म्हणजे दीड लाख किलोकॅलरी. त्यात सिंहगड काय, सह्याद्री पालथा घालता यावा. पण चरबीचा कारभार सरकारी कचेरीसारखा. आधी साठ्यातून सुटका, मग रक्तातून प्रवास, मग पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या दारात कार्निटीन नावाचा कारकून, तो आत सोडणार तेव्हा पुढचं ज्वलन. वर प्राणवायूही जास्त लागतो: एका लीटरमागे कर्बोदकं सुमारे 5 किलोकॅलरी देतात, चरबी 4.7. पुस्तकात हा फरक किरकोळ दिसतो, उभ्या चढावर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी अव्वल चालपटूंवर प्रयोग केला. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले: कमी कर्बोदकं खाणारे चरबी भरपूर जाळत होते, पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागत होता आणि सराव करूनही त्यांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली नाही.

या पंथाचा आद्यपुरुष विल्यम बँटिंग तर लंडनमध्ये अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. आधी त्यानं वजनासाठी होडी वल्हवून पाहिली; भूक इतकी भडकली की वल्ही ठेवून दिली. मग पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले, सडपातळ झाला आणि 1863 साली त्यावर पुस्तिका लिहिली. मला तो शहाणा वाटतो. त्यानं दोन्ही गोष्टी एकदम केल्या नाहीत.

शेवटी मी बाई आणि कोच यांची फोनवर गाठ घालून दिली. तह असा झाला: खुर्चीत बसायच्या दिवशी आणि हलक्या चालीला पनीर, अंडी, पालेभाज्या, जोरकस सरावाच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी भात, केळं, बटाटा, काय हवं ते. बरेच धावपटू असंच जमवतात म्हणे. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, जी जवळपास निव्वळ स्टार्च म्हणून इतर दिवशी बाद, ती शनिवारी रात्री अधिकृत क्रीडा-आहार ठरली. आईनं चतुर्थीसोबत आता शनिवारही धरलाय.