शनीचा खिळा

देवबाबूंच्या टेबलापाशी जाताना लोक चपला काढायचे. कचेरीत तसा काही नियम नव्हता. साहेबांच्या खोलीत माणसं चिखलाच्या पायांनी जात. पण देवबाबूंच्या टेबलाच्या दोन हात अलीकडं चपलांचा ढीग पडलेला असे. परत निघताना कुणी ना कुणी दुसऱ्याच्याच चपला घालून जाई. अगदी खऱ्या देवळासारखं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. कचेरी कोणती ते सांगत नाही. मुदखेडात कचेऱ्या मोजक्या, आणि मला अजून इथंच राहायचंय. तसंही असा बाबू कुठं नसतो? पोस्टात असतो, बँकेत असतो, वीजबिलाच्या खिडकीमागं असतो. आमच्या वाट्याला आलेला जरा ठसठशीत होता, एवढंच.

कपाळावर अष्टगंध, त्याखाली चष्मा. उजव्या मनगटावर लाल, काळ्या, पिवळ्या दोऱ्यांचे थर. झाडाच्या खोडावरून वय मोजावं तसे त्यांवरून नवस मोजावेत. बोटांत चार अंगठ्या. त्यांतला पुष्कराज अंमळ मोठा होता. की-बोर्डावर पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीच्या कळा एकमेकींना लागून असतात आणि पुष्कराजाला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नसतं. माझे वडील हयातभर पहिल्या वेलांटीचे होते. देवबाबूंनी दिलेल्या दाखल्यावर ते दुसऱ्या वेलांटीचे झाले. चौतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाच्या घरात हे व्हावं!

दुरुस्तीचा अर्ज दिला तो २०१४ ची दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हापासून त्या टेबलाचा मी नित्याचा वारकरी.

सकाळी दहाला देवबाबू आले की आधी खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल पसरत. हा टॉवेल म्हणजे त्यांची गैरहजेरीतली हजेरी. टॉवेल दिसला की समजावं, बाबू आहेत, चहाला गेलेत. मग पंचिंग मशीनच्या भोकात उदबत्ती खोचली जाई. शिपायाला बोलवायची टेबलावरची घंटी तीच पूजेची घंटी. पहिल्या दिवशी ती वाजली तेव्हा शिपाईमामा धावत आले. "मामा, तुम्हाला नाही, देवाला," बाबू म्हणाले. त्यानंतर मामा कधीच आले नाहीत. विचारलं की म्हणत, "मला वाटलं, देवाला वाजवायलाव."

टेबलावर काच होती आणि काचेखाली उत्खनन करण्याजोगे थर होते. सगळ्यांत वर गजानन महाराज, खाली मुलाचा पहिलीतला फोटो (तो मुलगा आता पुण्याला इंजिनिअर), त्याखाली एसटीचं जुनं वेळापत्रक, त्याखाली लग्नपत्रिका. लग्नपत्रिका का, तर तिच्यावर गणपती. गणपती टाकून द्यायचा कसा? त्यामुळं तालुक्यात ज्यांची लग्नं लागली, मोडली, पुन्हा लागली, त्या सगळ्यांच्या पत्रिका तिथं गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

देव वाढतात ते असेच. माणूस विकत एकच आणतो. बाकीचे कृषी सेवा केंद्राच्या कॅलेंडरावरून येतात, सराफाच्या डायरीतून येतात, आणि जानेवारी सरला तरी परत जात नाहीत. त्यातून मुदखेड पडलं जंक्शन. एक रूळ नांदेड-परभणीकडं, एक निजामाबादकडं, एक आदिलाबादकडं. आदिलाबादहून तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्स्प्रेस इथूनच जाते. जो तिरुपतीला जाईल तो बाबूंसाठी लाडू आणि बालाजी आणी. जो माहूरगड चढेल तो रेणुका आणी. लाडू संपत, तसबिरी उरत. आणि आमचा तालुका फुलांचा. मोगरा, काकडा, गलांडा. काम अडलेला शेतकरी येताना हार घेऊनच येई. आता देवाला हार आणला, तर त्याला लाच म्हणायची कुठल्या तोंडानं?

या हारतुऱ्यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नसे. मला ती कळायला वर्ष लागलं. देवबाबूंच्या मागं भिंतभर तसबिरी होत्या आणि प्रत्येक तसबिरीखाली रॅकचा एक खण होता. कचेरीत फायलींचं आवक-जावक रजिस्टर होतं, ते दाखवायला. खरा कारभार भिंतीवरून चाले.

गणपतीखाली नवे अर्ज. मारुतीखाली तातडीचे, डोंगर उचलून आणायचा असेल ते. बालाजीखाली पैशांची प्रकरणं, रेणुकेखाली निराधार बायकांचे अर्ज. दत्ताखाली ज्या फायलींवर तिघांच्या सह्या लागतात त्या. माळेगावच्या खंडोबाखाली वारसांची भांडणं, विशेषतः मयताची दोन घरं निघालेली. विठ्ठलाखाली साहेबांच्या सहीसाठी जाणाऱ्या. कमरेवर हात ठेवून उभं राहायची तयारी असलेल्या. लक्ष्मीखाली काम झालेल्या. लक्ष्मीच का, ते विचारायचं नसतं.

आणि अगदी कोपऱ्यात शनी. त्याच्याखाली थांबलेल्या.

"गुरुजी, तुमची फाईल शनीखाली हाय," बाबूंनी एक दिवस सांगितलं. आवाज असा, की जणू ती तिथं त्यांनी ठेवलीच नव्हती, ग्रहमानानं गेली होती.

"कशामुळं?"

"त्रुटी हाय. दाखल्यावरलं नाव आणि अर्जावरलं नाव जुळंना गेलंय."

"अहो, ते जुळत नाही म्हणून तर अर्ज दिलाय."

"ते खरंय. पण आधी जुळाया पाहिजे." आणि त्यांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

प्रसादाची भाषाही मी पुढं शिकलो. फुटाणे दिले की उद्या या. खडीसाखर दिली की पुढच्या महिन्यात या. पेढा दिला की साहेब बदलून गेले, नव्यानं अर्ज करा. सव्वादोन वर्षांत मी इतके फुटाणे खाल्ले, की तेवढ्यात घोड्याचं एक पोर वाढलं असतं.

इतर टेबलांवर काहीच नव्हतं असं नाही. डावीकडच्या खानसाहेबांच्या मागं उर्दू कॅलेंडर आणि कंधारच्या दर्ग्याचं चित्र. निजामाच्या काळातलं दफ्तर उर्दूत, त्यामुळं जुना कागद निघाला की देवबाबू स्वतः उठून त्यांच्या टेबलापाशी जात, आणि जाताना चपला काढत. उजवीकडचे सरदारजी नांदेडहून रोज पॅसेंजरनं येत. हातात कडं, कमरेला छोटी कृपाण. खिडकीजवळच्या तरुण कारकुनाच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि संविधानाची जाडजूड प्रत. पलीकडच्या मॅडमनी तुळस ठेवली होती. पाणी तिला, उन्हाळ्यात आशीर्वाद सगळ्यांना.

एकदा जेवणाच्या सुट्टीत वाद निघाला, कचेरीत काय चालतं आणि काय चालत नाही. तरुण कारकुनानं संविधान उघडून कलम २५ वाचून दाखवलं. कृपाण धारण करणं हे शीख धर्म पाळण्यातच मोडतं, असं त्याच्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलंय. सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "माझी कृपाण पंचवीसमधी हाय, बाबूजी. तुमचे हे खिळे कोणत्या कलमात बसतेत?"

मीही माझं ज्ञान पाजळलं. इंग्लंडात विमान कंपनीच्या काउंटरवर काम करणाऱ्या नादिया इवेडा नावाच्या बाईंना २००६ साली गळ्यातला इवलासा क्रॉस दिसू द्यायचा नाही म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी ते प्रकरण थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं आणि २०१३ च्या जानेवारीत त्या जिंकल्या.

देवबाबूंनी घास तसाच धरून बोटांवर हिशेब केला. "सात वर्षांत?" ते थक्क होऊन म्हणाले. "लईच झटपट काम हाय हो तिकडं."

आणि मग २०१७ च्या जानेवारीत मंत्रालयातलं परिपत्रक आलं. सरकारी कार्यालयांत आणि शाळांत देवादिकांच्या तसबिरी नकोत, धार्मिक कार्यक्रम नकोत. देवबाबूंनी ते दोनदा वाचलं, आवक क्रमांक टाकला आणि शांतपणे शनीखाली ठेवलं. पण साहेब नवे होते. त्यांनी ते तिथून काढायला लावलं आणि तसबिरीही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर भिंत उघडी. वर्षानुवर्षांच्या उदबत्तीनं सगळा चुना काळवंडलेला आणि जिथं जिथं देव होते तिथं स्वच्छ पांढरे चौकोन. एक म्हातारी आली, तिनं सवयीनं पायांतलं काढलं आणि तिसऱ्या चौकोनाला हात जोडले. तिच्या दृष्टीनं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते बाबूंचं. त्यांना एक फाईल सापडेना. "ते निराधारचं कुठं गेलं?" म्हणत ते सगळे खण चाळत होते. मधेच थांबून एका चौकोनाकडं बघत आणि "ही रेणुका का खंडोबा हो?" असं मलाच विचारत.

त्या दिवसांत प्रथमच त्यांनी मला खुर्ची दिली. भिंत गेल्यावर माणूस जरा जवळ आला. म्हणाले, "रेणुका तेवढी माझी हाय, गुरुजी. नोकरी लागली तव्हा आईनं दिल्ती. किनवट, भोकर, उमरी, जिथं बदली झाली तिथं पयला खिळा तिचा. बाकीचे लोकांनी आणले. नाही कसं म्हणावं?" शर्टाच्या खिशात त्यांनी ती तसबीर ठेवली होती. मावत नव्हती, अर्धी बाहेर येत होती. परिपत्रकाची अंमलबजावणी तेवढी अर्धी राहिली होती म्हणायची.

तिकडं मुंबईत गदारोळ झाला. सरकारातल्याच शिवसेनेनं विरोध केला आणि महिना संपता संपता परिपत्रक मागं घेतलं गेलं. सरकारी कागद इतक्या वेगानं फिरलेला देवबाबूंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. शिपाईमामांनी खोकं उघडलं, हातोडी घेतली आणि देव पुन्हा आपापल्या जागी गेले.

म्हणजे, असं आम्हाला वाटलं.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी गेलो, तर बाबूंनी फुटाणे न देता कागद दिला. साहेबांची सही, गोल शिक्का, वडील पहिल्या वेलांटीत. मी तो तीनदा वाचला. "कसं काय झालं?"

"देवाच्या मनात आलं की वेळ लागत नाही, गुरुजी," बाबू म्हणाले. त्यांना खरोखरच तेवढंच ठाऊक होतं. विठ्ठलाखालचा गठ्ठा साहेबांकडं पाठवायचा, तो त्यांनी पाठवला होता. आणि त्या खणातून येणाऱ्या कागदावर साहेब डोळे मिटून सही करत.

मी भिंतीकडं पाहिलं. कोपऱ्यात, जिथं इतकी वर्षं शनी होता, तिथं विठोबा कमरेवर हात ठेवून उभा होता. शनी सरकून मधल्या खिळ्यावर गेला होता.

दारात मामा तंबाखू मळत होते. मी नुसतं बघितलं. ते हळूच म्हणाले, "पंचांग बघा, गुरुजी. सव्वीस जानेवारीला शनी महाराज वृश्चिक सोडून धनूत गेलेत. ते घर बदलतेत, मग आपण खिळा बदलू नाही?"

आत बाकावर एक शेतकरी हार घेऊन बसला होता. त्याची फाईल परवापर्यंत विठ्ठलाखाली होती. बाबू त्याच्या हातावर फुटाणे ठेवत होते.

मी घाईनं बाहेर पडलो. चपला नव्हत्या, कुणीतरी घालून गेलं होतं. अनवाणीच घराकडं चालू लागलो, तर मागून मामा ओरडले, "शनिवारी चपला गेल्या, गुरुजी! साडेसाती सुटली म्हणा की!"