एलिजिबल भाऊ

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात तीन माणसं हमखास सापडतात. ढोलपथकाचा हिशेब ठेवणारा, पुण्या-मुंबईची विमानाची तिकिटं कधी उतरतात ते सांगणारा, आणि एलिजिबल भाऊ. पहिल्या दोघांची आठवण लोकांना गरज पडली की होते. भाऊंना गरज लागत नाही, डिसेंबर लागतो.

भाऊ एडिसनला राहतात आणि सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पण त्यांचा खरा व्यासंग म्हणजे एफएसए. हे अमेरिकन नोकरदाराचं औषधपाण्याचं खातं. पगारावर कर कापायच्या आधीच त्यात पैसे वळवायचे आणि वर्षभर डॉक्टर, दात, चष्मा यांवर खर्च करायचे. 2025 साली वळवायची कमाल मर्यादा 3,300 डॉलर. भाऊ कमाल सोडून दुसरा आकडा भरत नाहीत. वर्षाचे सगळे पैसे 1 जानेवारीलाच वापरायला मिळतात, पगारातून मात्र ते हप्त्याहप्त्याने कापले जातात. हा नियम सांगताना भाऊंचा आवाज दाटून येतो. ‘‘म्हणजे बघा, आपलेच पैसे आपल्याला उधार, आणि तेही बिनव्याजी!’’

गोम पुढे आहे. वर्ष संपलं की उरलेले पैसे कंपनीकडे राहतात. काही कंपन्या थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात, तर काही अडीच महिन्यांची सवलत देतात. भाऊंची कंपनी यांतलं काहीच देत नाही. त्यामुळे थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की भाऊ ॲप उघडून शिल्लक बघतात, आणि ती दरवर्षी चारशेच्या वरच असते. कारण उघड आहे. सगळ्यांची तब्येत ठणठणीत. घरात वर्षभर कोणी धड आजारी पडत नाही, याची भाऊंना डिसेंबरमध्ये फार खंत वाटते.

त्यांच्या शेजारी दुसऱ्या पंथाचे गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे एचएसए, म्हणजे औषधपाण्याचंच दुसऱ्या जातीचं खातं. ते पैसे बुडत नाहीत, वर्षानुवर्षं साठतात, गुंतवताही येतात. त्यामुळे हे गृहस्थ दाताच्या डॉक्टरचं बिल खिशातून देतात आणि पावती बुटांच्या खोक्यात जपून ठेवतात. खातं उघडल्यानंतरच्या खर्चाची भरपाई वीस वर्षांनी मागितली तरी चालते म्हणून. न्यू जर्सी राज्य एचएसएची करसवलत मानत नाही, याची भाऊ त्यांना दर भेटीत आठवण करून देतात. एक खर्च करण्यासाठी कारण शोधतो, दुसरा कारण असूनही खर्च करत नाही. दोघेही एकमेकांना अडाणी समजतात.

तर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी भाऊ वहिनींना घेऊन फार्मसीत शिरतात. घरात चष्मे झालेले असतात, रक्तदाब मोजायची दोन यंत्रं असतात, थर्मामीटर तर माणशी एक. 2020 च्या कायद्यानं साध्या गोळ्याही चिठ्ठीशिवाय खात्यात बसू लागल्या, तेव्हापासून डोकेदुखीच्या गोळ्यांचा साठा डोक्यांपेक्षा जास्त आहे. टूथपेस्ट चालत नाही, तिचा भाऊंना राग आहे. उरतं ते सनस्क्रीन.

सनस्क्रीनचा नियम भाऊ पाठ म्हणतात. एसपीएफ किमान पंधरा हवा आणि ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटच्या ए आणि बी या दोन्ही किरणांपासून बचाव. मग बाहेर बर्फ पडत असला तरी चालतं. ‘‘ए किरण काचेतूनसुद्धा आत येतात,’’ असं भाऊ पार्किंगमधला बर्फ झटकत सांगतात.

पण खरी मौज पुढे आहे. वहिनींची नेहमीची चेहऱ्याची क्रीम सौंदर्यप्रसाधन ठरते, म्हणून खात्यात बसत नाही. एसपीएफवालं फाउंडेशनही सहसा अडतं. मात्र तेच नायसिनमाइड, तेच हायलुरॉनिक ॲसिड, तेच सेरामाइड सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये आलं की अख्खी ट्यूब एलिजिबल! मुख्य काम उन्हापासून बचाव हे असलं की झालं. बाकी त्वचा मऊ होते, लाली कमी होते, तो बोनस. सरकारच्या डोळ्यांदेखत क्रीम मागच्या दारानं खात्यात शिरते, आणि भाऊंना पेन्शन मंजूर झाल्यासारखा आनंद होतो.

ते ट्यूब उलटी करतात, वाचायचा चष्मा (एलिजिबल) चढवतात आणि मागची पांढरी चौकट वाचायला घेतात. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानलं जातं, म्हणून कोणतं द्रव्य किती टक्के ते तिथे छापावंच लागतं.

‘‘झिंक ऑक्साइड नऊ टक्के. घेऊ या?’’

‘‘अहो, मागच्या वर्षी नुसत्या झिंकचं आणलंत. मंडळाच्या पिकनिकच्या सगळ्या फोटोंत तुमचा चेहरा पांढरा आणि मान आपली.’’

‘‘मग हे बघ, टिंटेड. यात आयर्न ऑक्साइड आहे.’’

इथे वहिनी पुढे सरसावतात. त्यांच्या गालावर वांगाचे डाग आहेत. सावळ्या कातडीवरचा वांग दिसत्या प्रकाशानंही गडद होतो आणि आयर्न ऑक्साइड तो प्रकाश अडवतं, असं त्यांना स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलंय. शिवाय पांढरेपणाही झाकला जातो. म्हणजे या अख्ख्या दुकानात खरोखर गरजेची वस्तू हीच एक. वहिनी तिची एक ट्यूब उचलतात. भाऊ सहा उचलतात.

‘‘सहा कशाला?’’

‘‘अगं, शंभर डॉलरमागे तीसेक डॉलर कराचे वाचतात.’’

‘‘आणि घेतलंच नाही तर शंभरच्या शंभर वाचतील ना?’’

‘‘घेतलं नाही तर शंभरच्या शंभर जातील!’’

या वाक्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. काउंटरवर भाऊंचं कार्ड फिरतं, मशीन चालणाऱ्या वस्तू आपोआप वेगळ्या काढतं, आणि पडद्यावर मंजुरी झळकली की भाऊ मागच्या रांगेकडे वळून बघतात. कोणी पाहिलं की नाही?

आता कोणाला वाटेल, या घरातली माणसं उन्हापासून किती सुरक्षित असतील! तर नाही. तळघरातल्या फडताळात ट्यूबा वर्षवार लावलेल्या आहेत आणि भाऊंचा दंडक आहे, आधी जुनी संपवायची. सनस्क्रीन साधारण तीन वर्षं टिकतं. त्यामुळे तोंडाला कायम लागते ती मुदत संपत आलेली किंवा संपलेली ट्यूब. आयर्न ऑक्साइडची ती नवी ट्यूब वहिनींच्या गालाला लागायला 2028 उजाडेल.

आणि लावायचं तरी किती? त्वचेचे डॉक्टर सांगतात, समुद्रावर अंगभर लावायचं तर एका माणसाला एका वेळी तीसेक मिलिलिटर, आणि दर दोन तासांनी पुन्हा. हे ऐकून भाऊ हादरले होते. ‘‘मग तर दुपारी जेवायच्या आत ट्यूब संपेल!’’ ते नाकावर एक ठिपका देतात, कपाळावर एक, आणि उरलेलं बोट मुलाच्या कानाला पुसतात. ट्यूबवर पन्नास एसपीएफ असतो, तोंडावर किती उरतो ते सूर्याला ठाऊक. जर्सी शोअरच्या पिकनिकहून दरवर्षी सगळ्यांत जास्त भाजून परत येतं ते याच घरातलं माणूस.

त्याच पिकनिकला मी एकदा म्हटलं, ‘‘भाऊ, जरा तुमचं सनस्क्रीन द्या हो.’’ भाऊंनी पिशवीची चेन ओढून बंद केली. ‘‘दिलं असतं हो. पण या खात्यातला खर्च फक्त स्वतः, बायको, मुलं आणि अवलंबितांसाठी. तुम्ही माझ्यावर अवलंबून नाही. कायदा आहे.’’ कंजूषपणाला केंद्र सरकारचा एवढा भक्कम आधार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

परवा फडताळाचं दार लागेना, तेव्हा वहिनींचा संयम संपला. ‘‘अहो, पुढच्या वर्षी पैसेच कमी वळवा ना. हजार भरा. उरणारही नाहीत, आणि हे दुकानही घरात येणार नाही.’’

भाऊंनी हातातली ट्यूब खाली ठेवली. पुढच्या वर्षाचा फॉर्म त्यांनी नोव्हेंबरातच भरून टाकला होता.

‘‘कमी कसे वळवू? 2026 ची मर्यादा 3,400 झालीय. शंभर वाढवून मिळतायत, ते काय सोडून द्यायचे?’’