अण्णांची बोट पीओएचला आहे

होटगी म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं. सोलापूरहून वाडीकडे जाणारी मुख्य लाईन आणि इथून विजापूर-गदगकडे फुटणारा फाटा. त्यापलीकडे मठ, सिमेंट, ज्वारी, कन्नड मिसळलेलं मराठी आणि वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. समुद्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. अशा गावात माणसानं दुरुस्तच करायचं तर ट्रॅक्टर करावा, विहिरीवरची मोटार करावी. आमचे बोटवाले अण्णा बोट दुरुस्त करतात.

बोट चौदा फुटी, फायबरची. उजनी धरणाच्या काठावर कुणीतरी मोडीत काढली होती, ती अण्णांनी टेम्पोत घालून आणली. सोबत आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, तेही भंगाराच्या वजनावर. तेव्हापासून बोट अंगणात दोन लाकडी घोड्यांवर पालथी आहे, आणि विचारलं तर ‘या सीझनला पाण्यात’ आहे.

या वाणाची माणसं सगळीकडं असतात. सोलापुरात ती येझदीच्या मागं लागलेली दिसतात, पुण्यात जुन्या रेडिओच्या. ओळखायची खूण सोपी आहे. वस्तू चालू झाली की या माणसांचा चेहरा पडतो. वस्तू बंद पडली की ती दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर येतात आणि स्पेअर पार्ट आणायला निघतात.

अण्णांची तऱ्हा थोडी वेगळी, कारण ते रेल्वेतले. उभा जन्म कॅरेज अँड वॅगनला फिटर म्हणून गेला. रेल्वेचा डबा ठरावीक मुदतीनं कारखान्यात जातो, तिथं त्याचा सांधा न् सांधा सुटा होतो, आणि परत येताना तो अंगावर पुढच्या खेपेची तारीख रंगवून घेऊन येतो. याला पीओएच म्हणतात. अण्णांनी बोटीलाही पीओएच लावून दिलं. मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात, रेल्वेच्या स्टेन्सिलनं, ‘परत दिनांक’ लिहिलेला आहे. दरवर्षी जुनी तारीख राखाडी रंगानं झाकली जाते आणि वर नवी येते. नखानं जरा खरवडलं तर खालची दिसते, तिच्याखाली तिच्याही आधीची. रंगाची एवढी जाडी बोटीच्या बाकी कुठल्याच भागाला नाही.

कोकणात बोटीची दुरुस्ती हा पावसाळ्याचा धंदा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणून नौका किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारायच्या, इंजिन उतरवायचं, तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा. अण्णा एकदा लेकीच्या सासरी रत्नागिरीला गेले, ते पाहुणचार सोडून मिरकरवाड्याच्या बंदरात जाऊन बसले आणि हे सगळं डोळ्यांत भरून आले. त्यातलं एकच त्यांच्या नजरेतून सुटलं. तिथला तांडेल दुरुस्ती करतो आणि ती संपवतो. डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, खलाशांना उचल दिलेली असते, आणि नारळी पौर्णिमा कुणासाठी थांबत नाही. अण्णांच्या बोटीवर ना हप्ता ना खलाशी. तिची नारळी पौर्णिमा सरकती आहे. आधी गणपती असते, मग दिवाळी, मग जानेवारीतला सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा. ‘गड्ड्याच्या आत पाण्यात घालतो’ हे वाक्य गावात आता वचन म्हणून कुणी ऐकत नाही, ‘राम राम’सारखं ऐकतं.

शिवाय आमच्याकडं ऑफ सीझनच उलटा. उजनीत पाणी येतं ते पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाचं. सोलापूर कोरडं ठणठणीत असताना भीमा दुथडी येते आणि धरण भरतं. थंडीत पाणी हळूहळू उतरायला लागलं की भिगवणकडच्या चिखलात रोहित पक्षी येतात, कुंभारगाव आणि डिकसळचे मच्छीमार पक्षी बघणाऱ्यांना होडीत बसवतात. तो सीझन. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं. एकूण ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणून शून्याखाली मोजायची सोय. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, आणि अण्णांची कळी अशी खुलली की बघणाऱ्याला वाटावं यांनीच धरण बांधलं. उजनीत पाणी नाही म्हणजे बोट पाण्यात का नाही हे विचारायला कुणाला तोंड नाही. पुढं ऑगस्टात धरण तुडुंब भरलं. आठवडाभर अण्णा कुणाच्या नजरेला पडले नाहीत.

मुख्य काम म्हणून उन्हाळ्यात चालतं. आणि उन्हाळा होटगीचा. फायबरची तडा गेलेली जागा भरायची तर मॅट कापून घ्यायची, रेझिनमध्ये हार्डनर कालवायचा, ब्रशनं चढवायचं, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. गार हवेत कालवलेलं रेझिन पंधरावीस मिनिटं हाताशी राहतं. चव्वेचाळीस अंशांत अण्णा मग घेऊन बोटीपर्यंत पोचेतो ते मगातच घट्ट होतं. त्यात या रसायनाला घट्ट होताना स्वतःचीच ऊब सुटते. धूर येतो, प्लॅस्टिकचा मग तळातून वाकतो, आणि अण्णांच्या हातात मगाचा नेमका साचा राहतो, ब्रशसकट. असे साचे ओट्यावर ओळीनं मांडलेले आहेत. नातवंडं त्यांना कुल्फी म्हणतात. हार्डनर कमी घाला आणि पहाटे पाचला काम करा, एवढाच यावर उपाय आहे. अण्णांना तो पाठ आहे. पण पहाटे पाचला बघायला कोण येणार?

बोटीचं हे झालं. इंजिनाची कथा स्वतंत्र आहे, आणि तिच्यातला शिअर पिनचा अध्याय मला सगळ्यांत आवडतो. पंख्याच्या दांड्यात एक छोटी पिन असते. पंखा दगडाला, ओंडक्याला आपटला तर ती आधी तुटते आणि आतले गिअर वाचतात. तुटणं हेच तिचं काम. अण्णांची पिन हरवली. मुंबईहून मागवण्यात मजा नाही, म्हणून ते सोलापुरात एका लेथवाल्याकडं गेले. तो आयुष्यभर यंत्रमागाचे सुटे भाग करत आलेला. त्यानं माप घेतलं, चांगल्या पोलादाची पिन काढली, कपड्यानं पुसून हातावर ठेवली.

‘घ्या अण्णा. जन्मात तुटायची नाही.’

‘अरे, मला तुटणारी पाहिजे की.’

लेथवाला बराच वेळ गप्प बसला. त्याच्याकडं तुटलेल्या वस्तू घेऊन येणारे पुष्कळ. तुटावी म्हणून वस्तू करून मागणारा पहिलाच.

‘किती दिवसांत तुटली पाहिजे?’

‘दिवसावर नाही. आपटल्यावर.’

‘आणि नाही आपटली तर?’

‘तर नाही तुटायची.’

‘मग ही घ्या आणि आपटू नका की ओ!’

ह्याला उत्तर नव्हतं. शेवटी पितळेची पिन ठरली. लेथवाल्यानं ती केली, पण पैसे घेतले नाहीत. असलं काम आपण केलं हे बिलावर यायला नको, एवढंच म्हणाला.

पेट्रोलचं प्रकरण याहून अवघड, आणि त्यात अण्णांचं म्हणणं खरं आहे, म्हणून जास्तच अवघड. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं आणि ओल हद्दीपलीकडं गेली की इथेनॉल आणि पाणी जोडीनं तळाशी जाऊन बसतं, पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं, ते वरच्या थरात. इंजिनाची नळी मात्र ओढते तळातून. अण्णांनी हे दाखवायला हॉर्लिक्सची बाटली भरून ठेवली आहे. आल्यागेल्याला ती उजेडात धरून दोन थर दाखवतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘इथेनॉल कशाचं? उसाच्या मळीचं. ऊस कुठला? आपल्या जिल्ह्यातला. त्याला पाणी कुठलं?’ समोरच्यानं ‘उजनीचं’ म्हणायचं असतं. ‘म्हणजे उजनीचं पाणी उसात, उसातून कारखान्यात, तिथून पंपावर, पंपावरून माझ्या टाकीत. बोट उजनीत गेली नाही म्हणून उजनीच बोटीत आली!’ हे ते इतक्या समाधानानं सांगतात की टाकी रिकामी करून ठेवली तर हे सगळं टळेल, असं सुचवणं जिवावर येतं.

मग फ्लशिंग. हे इंजिन बाहेरच्या पाण्यावर थंड होतं, कोरडं चालवलं तर आतला रबरी इंपेलर मिनिटभरात जळतो. म्हणून चाचणी घ्यायची तर ड्रममध्ये पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवावा लागतो. होटगीत उन्हाळ्यात भरलेला ड्रम ही काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी अण्णांची चाचणी, आणि त्याच दिवशी त्यांच्या बायकोचं, अक्कांचं धुणं. इंजिन एकदा खरोखर सुरू झालं. निळा धूर झाला, ड्रममधलं पाणी उसळून भिंतीपर्यंत गेलं, गल्लीतली कुत्री स्टेशनापर्यंत पळाली, आणि इंजिनाच्या बाजूच्या भोकातून बारीक धार पडायला लागली. ती धार म्हणजे इंपेलर शाबूत असल्याची खूण. अण्णा बोट दाखवून ओरडले, ‘धार बघ, धार!’ अक्का ड्रमकडं बघत होत्या. तेलाचा तवंग आलेलं ते पाणी शेवग्याला घालायच्याही लायकीचं उरलं नव्हतं. आउटबोर्ड इंजिन १९०९ च्या सुमाराला विकायला काढणाऱ्या ओले एव्हिन्रूडला ही कल्पना होणाऱ्या बायकोसाठी आईस्क्रीम आणताना सुचली अशी गोष्ट सांगतात. अण्णांनी ती त्याच संध्याकाळी अक्कांना सांगितली. अक्का म्हणाल्या, ‘त्यानं निदान आईस्क्रीम तरी आणलं.’

एका बाबतीत मात्र अण्णांची चेष्टा कुणी करत नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट उजनीत उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर अण्णांनी चार लाइफ जॅकेट आणली, दोन मोठी, दोन लहान मुलांची, आणि दरवर्षी त्यांचे पट्टे आणि शिलाई ओढून बघतात. पाण्यात कधी न गेलेल्या बोटीला जॅकेट कशाला, असं एका पोरानं विचारलं होतं. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनीच त्याला गप्प केलं.

परवा उजनीकडचा एक मच्छीमार आला. थंडीच्या आधी दुसरी होडी हवी होती, अण्णांची ऐकून आला होता. त्यानं तळाला बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं, जोडावरून हात फिरवला, इंजिनाची दोरी एकदा ओढली आणि म्हणाला, ‘ही तर उद्या पाण्यात जाईल. किती घेणार?’

अण्णांना हे लागलं. त्यांनी त्याला बसवलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली आणि बोटीतल्या खोडी एकेक करून सांगायला घेतल्या. गिअर ऑइल किंचित पांढुरकं येतंय, म्हणजे सील गेलंय. मागच्या फळीत ओल असावी. डाव्या अंगाला रंगाखाली दोन फोड आहेत, आज दिसत नाहीत पण आहेत. तो माणूस जेवता जेवता मान हलवत राहिला. हात धुताना सहज म्हणाला, ‘माझ्याकडं एक आहे, तळ पार फुटलाय, इंजिन जाम. जाळायची म्हणतोय.’

चौथ्या दिवशी ती टेम्पोतून आली. गल्लीतली चार माणसं लावून उतरवली. अक्का पदर खोचून बाहेर आल्या तेव्हा आम्ही सगळेच जरा मागं सरकलो. त्यांनी नव्या बोटीभोवती एक फेरी मारली. जुन्या बोटीवर धोतर अंथरून त्या गेली कित्येक वर्षं कुरडया आणि पापड वाळवतात, हे आमच्या लक्षातच नव्हतं.

‘अशी नको,’ त्या म्हणाल्या. ‘हातभर तिकडं घ्या. इथं चारनंतर शेवग्याची सावली येते, सांडगे ओले राहतील.’