मराठीचे वेगळे पडतील

२०१९च्या जानेवारीत आमचा केबलवाला दारात आला तो चार पानी यादी घेऊन. एरवी तो महिन्याच्या पाच तारखेला यायचा, पाणी प्यायचा, पैसे घ्यायचा आणि "दाई, बने बने?" अशी आईची चौकशी करून जायचा. त्या दिवशी मात्र चेहरा जनगणनेला आलेल्या मास्तरासारखा. ट्रायचा नवा नियम लागू होत होता. ३१ जानेवारीच्या आत ज्यानं त्यानं आपापले चॅनल निवडायचे. शंभर चॅनलचं मूळ भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले १५३ रुपये ४० पैसे. पैसेवाले चॅनल हवे असतील तर त्यांची किंमत आणखी वर.

आईनं चष्मा लावला. चारही पानं बोट ठेवून वाचली.

"यात मराठी कुठंय?"

"मराठी वाला अलग ले लगही, दाई."

आईनं यादी खाली ठेवली. "म्हणजे हिंदी, भोजपुरी, चोवीस तास भजनं आणि गुडघ्याला लावायचं तेल विकणारा तो बुवा, हे सगळं थाळीत. आणि मराठी म्हणजे पापड. त्याचे वेगळे पडतील!"

केबलवाल्याला पापडाचा संदर्भ कळला नाही, पण आपल्यावर काहीतरी शेकतंय एवढं कळलं. त्यानं आणखी एक ग्लास पाणी मागितलं.

रायपूरच्या मराठी माणसाला हे लागतंच. आम्ही काही इथे काल आलेलो नाही. गावात तात्यापारा आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बसून या छत्तीसगडावर राज्य केलं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी पार बंगालपर्यंत जाऊन चौथाई आणली. १७५१ साली अलीवर्दी खानानं वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले होते. नीट पाहिलं तर ती वर्गणीच. दर वर्षी नूतनीकरण, आणि पैसे वेळेवर आले नाहीत तर सेवा खंडित होण्याऐवजी सुरू व्हायची. ज्यांच्या पूर्वजांनी ही पद्धत इतकी यशस्वीपणे चालवली, त्यांच्याच दारात आज केबलवाला उभा. काळानं एवढा हिशेब तरी चुकता करायचाच.

पण टीव्हीनं आम्हाला पैशाला लावलं हे एकदम झालं नाही. आधी सवय लावली.

१९७५ साली मी अकरा वर्षांचा होतो. अप्पा रायपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. त्या ऑगस्टमध्ये शाळेच्या व्हरांड्यात टीव्ही आला. मुंबईत टीव्ही येऊन तीनच वर्षं झाली होती, कलकत्ता-मद्रासला तर अजून यायचा होता, आणि आमच्या गावात, जिथे एसटीसुद्धा लहर लागली तर यायची, तिथे थेट आकाशातून टीव्ही! 'साइट' नावाचा प्रयोग होता. नासानं आपला एटीएस-६ हा उपग्रह भारताला वर्षभर वापरायला दिला होता. सहा राज्यांतली २४०० गावं निवडली होती, त्यात आमचा रायपूरकडचा भाग होता. शाळेच्या आवारात दहा फुटी जाळीची छत्री उभी राहिली. ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्याच जाळीची होती, त्यामुळे आमच्या शेजारच्या म्हातारीला शेवटपर्यंत वाटत होतं की सरकार कोंबड्या वाटणार आहे.

दिवसाला चार तास कार्यक्रम. सकाळी मुलांसाठी विज्ञान, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. कुटुंबनियोजन सुरू झालं की आम्हा पोरांना हाकलत, म्हणून ते आम्ही खिडकीतून बघायचो. सगळं गाव जमिनीवर बसलेलं, पडदा एक, बटण अप्पांच्या हाती. कुणी "दुसरं लावा" म्हणत नसे, कारण दुसरं नव्हतंच.

बरोबर एका वर्षानं, ३१ जुलै १९७६ला प्रयोग संपला. ज्याचा उपग्रह तो घेऊन गेला. पडद्यावर मुंग्या आल्या आणि गाव आठवडाभर त्या मुंग्यांसमोर आशेनं बसत राहिलं. आज कळतं, ती माझ्या आयुष्यातली पहिली 'फ्री ट्रायल' होती. फरक इतकाच, की मुदत संपल्यावर नासानं आमच्या कार्डातून पैसे कापले नाहीत.

पुढे अप्पांची बदली रायपुरात झाली आणि घरी काळा-पांढरा टीव्ही आला. तेव्हा टीव्हीला लायसन लागायचं. वर्षाला ५० रुपये, पोस्टात भरायचे. अप्पांच्या हिशेबाच्या वहीत "दू. संच परवाना ५०" ही नोंद "गहू" आणि "मोलकरीण दिवाळी" यांच्या मधोमध अजून आहे. पन्नास रुपये भरताना ते असे कण्हत की पोस्टमास्तर पाणी विचारी. मग ऐंशीच्या दशकातच सरकारनं घरगुती लायसन काढून टाकलं. १९८७ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत रविवारी सकाळी चाळीस माणसं असायची. चाळिसांत पास एकाकडेही नाही. उलट आई सगळ्यांना चहा द्यायची. आजच्या भाषेत, ग्राहक फुकट आणि वर 'कॅशबॅक'.

या सगळ्यात मराठी मात्र नव्हतं. मुंबई दूरदर्शन रायपुरापर्यंत पोचत नसे. आई नागपूरच्या महालातली. लग्न होऊन इथे आली आणि पडद्यावरची मराठी ऐकायला तिला १९९९ साल उजाडावं लागलं. अल्फा मराठी सुरू झालं, केबलवाल्यानं ते आमच्या तारेत सोडलं आणि शंभर रुपये महिन्यात आईला माहेर मिळालं. मालिकेतल्या सुना तिला पुण्याच्या वाटायच्या म्हणून ती त्यांच्यावर नाराज असे, पण बघायची रोज.

म्हणून २०१९ला ती पापडावरून चिडली. मीही शहाणपणा केला नाही. "आई, तुझ्यासाठी सगळे मराठी घेऊ," म्हणालो. नियमाचा हेतू चांगला होता, जे बघाल त्याचेच पैसे. अडचण अशी की आमच्या घरात कोण काय बघतं हे तोवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. यादीवर खुणा करायला बसलो आणि एकेकाची गुपितं बाहेर आली. हिला स्वयंपाकाचे चॅनल आवडतात असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. तिनं त्यांवर काट मारली आणि गुन्ह्यांच्या मालिकांवर खूण केली. मी त्या दिवसापासून तिच्याशी जरा अदबीनं बोलतो.

त्यानंतर घरात ॲप शिरले. आधी चिरंजीवांनी पुण्याहून आपला पासवर्ड दिला. मुलानं बापाला पाठवलेली ती पहिली मनीऑर्डर, असं मी मानलं. २०२३च्या जुलैत पडदा अचानक म्हणाला, हा टीव्ही या खात्याच्या घरातला दिसत नाही. मी पोराला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्या 'हाउसहोल्ड'मध्ये बसत नाही." आमच्या घराण्यात एकत्र कुटुंब मोडायला तीन पिढ्यांच्या सासू-सुना झटल्या, त्यांना यश आलं नाही. ते काम एका परदेशी कंपनीनं एका ओळीत केलं. मी आपलं वेगळं खातं काढलं. वेगळी चूल म्हणतात ती हीच.

मग क्रिकेटसाठी एक ॲप, मुलीच्या कोरियन मालिकांसाठी एक, आणि एक असं ॲप, जे आम्ही किराण्याची घरपोच पाठवणी फुकट मिळते म्हणून घेतलं. सिनेमा बघायचा म्हणून मीठ मागवायचं की मीठ मागवायचं म्हणून सिनेमा बघायचा, हे अजून ठरलेलं नाही. त्याची वर्षाची वर्गणी २०१६ला ४९९ रुपये होती, ती पुढे ९९९ झाली आणि २०२१च्या डिसेंबरात १४९९. माझं पेन्शन त्या वेगानं पळालं असतं तर मीच एक ॲप काढलं असतं. त्यावर २०२५च्या जूनपासून तिथे जाहिरातीही लागल्या. जाहिराती नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. पंक्तीत वाढप्यानं ताटात माशी सोडावी आणि ती काढायची दक्षिणा मागावी, तसं.

इतकं भरून बघतो काय? २१ जानेवारी २०२३ला आमच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर न्यूझीलंडशी सामना होता. रोहित शर्मा नाणेफेक जिंकला आणि काय घ्यायचं तेच विसरला. कपाळाला हात लावून उभा. सारा देश हसला. मी हसलो नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते, बॅटिंग की बोलिंग. माझ्यापुढे रोज रात्री जेवणानंतर पाच ॲप आणि त्यातले हजारो सिनेमे असतात. मी रिमोट घेऊन पाऊण तास तस्साच उभा असतो. त्यानं निदान बोलिंग घेतली आणि न्यूझीलंडला १०८मध्ये गुंडाळलं. मी शेवटी बातम्या लावतो आणि झोपतो.

गेल्या दिवाळीत अप्पांची वही काढली आणि हिशेब मांडला. केबल मराठीसकट ४२०. इंटरनेट ८२५. बाकी ॲप मिळून, वर्षाचे बाराने भागून, ८२४. महिन्याला २०६९ रुपये. वर्षाला २४,८२८. मी त्याला अप्पांच्या पन्नासानं भागलं. उत्तर आलं ४९६. म्हणजे एवढ्या पैशात अप्पांना ४९६ वर्षांचं टीव्ही लायसन मिळालं असतं. उलट मोजत गेलो तर १५२९ साल येतं, तेव्हा दिल्लीच्या गादीवर बाबर होता. बाबरापासून मोदींपर्यंत बिनघोर टीव्ही बघता आला असता, तेवढं मी एका वर्षात भरतो.

यात एक रक्कम अशा ॲपची होती, जे मी दोन वर्षांपूर्वी एका मालिकेपुरतं घेतलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या कृपेनं पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी संदेश येतो. यमानं निघण्यापूर्वी मिस्ड कॉल द्यावा तसा. मी तो दर वेळी "उद्या बघू" म्हणून ठेवून देत होतो. माधवराव सप्रे आठवले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' मासिक काढलं. तीन वर्षांत पैशाअभावी बंद पडलं. एवढा विद्वान माणूस, पण वर्गणीदाराचं कार्ड 'सेव्ह' करून ठेवायची युक्ती त्याच्याजवळ नव्हती.

लगोलग घरात काटकसर परिषद बोलावली. ठराव सोपा होता, ज्याला जे नको त्यानं ते सोडावं. सगळे उदार झाले. मुलीनं क्रिकेट सोडलं, मी कोरियन सोडलं, हिनं दोन्ही सोडलं. प्रत्येकानं दुसऱ्याचंच सोडलं. शेवटी आई म्हणाली, "माझं मराठी बंद करा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कुणाचं लग्न मोडलं ते न कळून माझं काही अडत नाही." हा टोमणा आहे हे सगळ्यांना कळलं. पण परिषदेत एकमेव ठोस प्रस्ताव तोच होता, तो मंजूर झाला.

पहिल्या तारखेला मराठी गेलं. मला वाटलं, घरात सुतक येईल. तसं काहीच झालं नाही. रात्री नऊ वाजता आई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तासाभरानं समाधानानं परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी कान दिला. पलीकडे नागपूरची मावशी होती. मालिका संपली रे संपली की ती आईला सगळा भाग सांगायची, आवाज काढून, शिव्या घालून, आणि "तो मेला आता घर विकून राहिला ना बाप्पा!" असं पुढचं भाकीतही करून. जाहिराती नाहीत, जीएसटी नाही. 'हाउसहोल्ड' दोन राज्यांत पसरलेलं, तरी एकाही कंपनीला त्याचा पत्ता नाही.

मी खूश. दहा तारखेला आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आपलं मराठी सुरू कर."

"का? मावशी सांगते ना?"

"तिच्या पोरानंही हिशेब मांडला मेल्यानं. तिचं कालपासून बंद. आता माझी पाळी."

मी निमूट पैसे भरले. मराठीचे वेगळे पडले. त्या रात्री नऊ वाजता आई गॅलरीतल्या खुर्चीत बसली, घसा खाकरला आणि सुरू झाली. मीही दाराआड उभा राहिलो. खरं सांगतो, मूळ मालिकेपेक्षा रंगलं होतं. नायिकेनं कपाट उघडलं, आत जुनं पत्र, पत्रावर नाव होतं...

"थांब हं जरा," आई म्हणाली, "गॅसवर चहा ठेवलाय, तो घेऊन येते."

पलीकडे मावशी किंचाळली. बरोबर आहे. वर्गणी भरलेली असली तरी जाहिरात लागतेच.