राख वेगळी

उमरेडच्या माणसाला वजनात फसवणं सोपं नाही. इथे मिरची तोलतात, सोयाबीन तोलतात, आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीतला कोळसा तर ट्रकसकट काट्यावर चढतो. आधी रिकामा ट्रक, मग भरलेला. वजाबाकी करा, पावती घ्या, निघा. अशा गावात मी दहावीच्या पोरांना सांगतो की कोळसा जाळला की वजन वाढतं. माझी अब्रू किती शिल्लक असेल, तुम्हीच ठरवा.

फळ्यावर समीकरण: कार्बन अधिक ऑक्सिजन, बाणापुढे कार्बन डायऑक्साइड. १२ ग्रॅम, ३२ ग्रॅम, ४४ ग्रॅम. हे जन्मतःच संतुलित, त्यामुळे पोरं खूश. मग मी गणित घालतो. ट्रकमध्ये २० टन कोळसा, त्यात निम्मा कार्बन धरा, वायू किती? १० गुणिले ४४ भागिले १२, म्हणजे ३६.६७ टन.

मागच्या बाकावर ट्रकवाल्याचा पोरगा बसतो. "सर, गडबड होऊन राहिली. २० टन जाळले तं ३६ निंगाले? कोन्त्या काट्यावर मोजले?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या आजीनं जन्मभर शेगडी पेटवली. घमेलंभर कोळसा, मागे थोडी राख (आमच्याकडच्या कोळशाची जरा जास्तच), बाकीचं 'जळून गेलं'. कुठे गेलं, हे विचारायची घरात रीत नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लाव्हाझिएनं विचारलं; बंद भांड्यात पदार्थ तापवून आधी आणि नंतर तोलले. शेगडी मात्र कोंडायची नाही. हवा कमी पडली की त्याच कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड होतो, २४ ग्रॅमचे ५६, आणि तो तोलायला माणूस उठत नाही.

"वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं," मी म्हटलं. "१० टन कार्बनला २६.६७ टन."

"एवढा माल आनला कोनं?"

"वाऱ्यानं."

"अन् भाडं?"

"फुकट."

यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मला अणुसिद्धान्त शिकवतानाही कधी लाभली नव्हती. वाहतुकीच्या धंद्यात वाढलेल्या पोराला रसायनशास्त्र पटेल, फुकटची खेप कशी पटावी?

चाचणीत त्यानं ३६.६७ टन बरोबर काढलं. खाली एक ओळ जोडली: 'राख वेगळी.' माझ्या नमुना उत्तरात ती नव्हती. अर्धा मार्क जास्त दिला.